शाळा सोडणें आणि शाळा सुटणें

वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या कांठीं पवनार हें गांव आहे. १९३८ सालीं प्रकृति सुधारण्यासाठीं विनोबा भावे येथें येऊन राहिले आणि त्यांच्या परंधाम आश्रमामुळें गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. याच विनोबांनीं १९१६ सालीं आपलीं प्रमाणपत्रें चुलींत घातलीं. इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेले ते वाटेंत सुरतेस उतरले व काशीस गेले. परीक्षेचा मार्ग त्यांनीं समजून उमजून सोडला. पुढें विद्या मिळविण्याचें सामर्थ्य त्यांच्या अंगीं आधींच आलें होतें.

खेड्यांतून नववी-दहावींत गळणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. तीं शाळा सोडीत नाहींत; त्यांची शाळा सुटते.

ती सुटते कशी? वर्धा जिल्हा कपाशीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. मजुरी वजनावर मिळत असल्यानें घरांतील प्रत्येक हात मोलाचा ठरतो. मुलगा आठ दिवस शेतावर जातो. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळीत घरीं राहते. आठ दिवसांनीं वर्गांत यावें तों गणिताच्या दोन पायऱ्या पुढें गेलेल्या असतात. समजत नाहीं, आणि विचारण्याची लाज वाटते. मग मागचा बांक बरा वाटूं लागतो, आणि त्याहूनही शेत बरें वाटूं लागतें. अखेर हजेरीपटांतून नांव कमी होतें, तेव्हां घरचे म्हणतात, "पोराला शिक्षणाची आवडच नव्हती." वस्तुतः आवड शेवटीं गेलेली असते, आरंभीं गेलेले असतात ते आठ दिवस.

कायद्याची मर्यादाही येथेंच आड येते. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून आणि हातउद्योगाच्या आधारें द्यावें, असें तिनें ठरविलें. चौदा वर्षांची ती सीमा पुढें राज्यघटनेंतही आली. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचाच आहे. उलट, बालमजुरीच्या कायद्यानें चौदा वर्षें पुरीं झालेल्या मुलास धोक्याचीं कामें वगळून इतर कामांची मोकळीक आहे. ज्या वयास शाळेचा हक्क संपतो, त्याच वयास मजुरीचें दार उघडतें! महाराष्ट्रांत मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. परंतु फी माफ झाली तरी घरकाम माफ होत नाहीं.

तेव्हां उपाय मूळ दुखण्यावर हवा. वेचणीच्या दिवसांत कोण गैरहजर आहे याची नोंद दुसऱ्याच दिवशीं घ्यावी आणि शिक्षकानें त्याच्या घरीं जावें. पालकास दोष न देतां, "चार दिवस कमी नेतां येतील काय?" एवढेंच विचारावें. परत आलेल्या मुलास चुकलेला पाठ वेगळा बसवून शिकवावा, आणि तो शिकतांना त्याची थट्टा होऊं देऊं नये. गांवांतील शिकलेल्या तरुणांनीं संध्याकाळीं तासभर बसविलें तरी पुष्कळ काम होईल. शेतांतील वजनमापें आणि मजुरीचा हिशेब यांतून गणित शिकविलें, तर हाताचें काम व पुस्तक हीं परस्परांचीं वैरी राहणार नाहींत.

मोठेपणीं एखाद्यानें विचारपूर्वक शाळा सोडली, तर तो त्याचा अधिकार. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून ती नकळत सुटूं नये, हें पाहणें वडील माणसांचें कर्तव्य आहे.