एका @ ने कुलूप पक्कं होत नाही

शेजारच्या काकूंचा ई-मेलचा नवा पासवर्ड काही केल्या घेतला जात नव्हता. कधी मोठं अक्षर हवं, कधी आकडा, कधी चिन्ह. शेवटी त्यांनी नातवाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं केलं, पुढे @१२३ जोडलं आणि खालची पट्टी हिरवी झाली. "आता पक्का ना रे?" त्यांनी विचारलं.

नाही, काकू. हिरवी पट्टी बहुधा एवढंच पाहते की मागितलेले प्रकार आलेत. तोडणारा वेगळं पाहतो. त्याच्याकडे आधी फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या असतात. २००९ मध्ये 'रॉकयू' या एकाच कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड उघडे पडले आणि ती यादी पुढे कित्येक वर्षं वापरात राहिली. त्याचं सॉफ्टवेअर यादीतल्या शब्दांवर आपल्याच सवयी चालवून बघतं: पहिलं अक्षर मोठं, 'ए'च्या जागी @, 'एस'च्या जागी $, शेवटी १२३ किंवा जन्मसाल. सगळे जिथे ठेवतात तिथेच ठेवलेलं चिन्ह फार काही राखत नाही.

मग मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हवंच, हा नियम आला कुठून? अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २००४ सालच्या मार्गदर्शिकेतून त्याचा मोठा प्रसार झाला. तिचा हा भाग लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने चिन्हांची सक्ती आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती, दोन्ही नकोत असं सांगितलं. बदलायचा तो फुटल्याचा पुरावा मिळाल्यावर. सक्ती केली की माणसं शेवटचा १ खोडून २ करतात, दुसरं काही नाही.

म्हणून चिन्हं निरुपयोगी, असंही नाही. पासवर्ड मॅनेजरने चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचललेली चिन्हं खरंच बळ देतात. पण लांबी त्याहून जास्त देते. कळफलकावरची ९४ अक्षरं, आकडे आणि चिन्हं घेऊन, कसलाही नेम न धरता, आठ जागांचे जितके पासवर्ड बनतात, त्याच्या पंधरा पटींहून जास्त नुसत्या २६ लहान अक्षरांतून बारा जागांचे बनतात. मात्र तोच पासवर्ड चार ठिकाणी वापरला किंवा खोट्या पानावर स्वतःच टाइप केला, तर लांबीही वाचवत नाही.

देवनागरी चालेल का, हेही मला नेहमी विचारतात. जिथे चालते तिथेही जपून. 'दऱ्या'मधला अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दिसतो एकसारखाच, पण दुसऱ्या फोनवर तुमचंच कुलूप तुम्हाला उघडेलच असं नाही.

काकूंनी मग शब्दकोश पाच वेळा डोळे मिटून उघडला, पाच शब्द उचलले आणि इंग्रजी अक्षरांत सलग टाइप केले. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. चिन्ह मागितलं गेलंच. ते त्यांनी एका शब्दाच्या पोटात घातलं. कोणतं आणि कुठे, ते मी विचारलं नाही.