विद्यापीठाची निवड आणि वसतिगृहाची तयारी : एका बालरोगतज्ज्ञाचे टिपण

बारावीच्या परीक्षा संपत आल्या की माझ्या दवाखान्यातील प्रश्नांचा नूर बदलतो. ताप-खोकल्याची चौकशी आटोपली की पालक हळूच विचारतात, "डॉक्टर, पुण्याला पाठवू की इथेच राहू दे?" हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाला का विचारावा, असे कुणाला वाटेल. परंतु भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्वीकारलेल्या धोरणानुसार अठरा वर्षांपर्यंतचे मूल आमच्याच कक्षेत येते. ज्या बाळाला मी पहिल्या लसी टोचल्या, ते विद्यापीठाची पायरी चढताना अजून माझेच रुग्ण असते. शिवाय प्रवेशाच्या धामधुमीत ज्या गोष्टी कुणी विचारात घेतल्या नाहीत, त्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याच टेबलावर येऊन पडतात : पाच-सहा किलो घटलेले वजन, बंद पडलेला इन्हेलर, रात्रभर न लागणारी झोप. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, आपल्या मंडळातील व्यवसायबंधू आणि पालक या दोघांसाठी, हे टिपण.

आपण बडोदेकर या बाबतीत बरेच भाग्यवान आहोत, हे आधी नमूद केले पाहिजे. १८८१ साली येथे बडोदा कॉलेज सुरू झाले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी मेडिकल कॉलेजही उभे राहिले आणि विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून हंसाबेन मेहता यांची नेमणूक झाली. अध्यापनाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे दांडिया बाजारातल्या मराठी घरातील मुलालाही येथे भाषेची अडचण कधी आली नाही. तरीही "घरचेच विद्यापीठ" म्हणताना आपला सूर थोडा खाली येतो, त्याचे मला आश्चर्य वाटते. व्यंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली येथूनच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले. पुढे अमेरिकेत १९७६ साली त्यांनी भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली. त्यानंतर त्यांनी जीवशास्त्राचे शिक्षण पुन्हा विद्यार्थी म्हणून घेतले आणि २००९ साली त्यांना नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे. अठराव्या वर्षी निवडलेला विषय म्हणजे आयुष्यभराची बेडी, असे समजून रात्र रात्र जागणाऱ्या पालकांना मी हा क्रम आवर्जून सांगते.

पुण्याचे आकर्षण मी समजू शकते. तेथे मावशी असते, आत्या असते, आपली भाषा असते. परंतु व्यावसायिक शिक्षणाच्या बाबतीत भाषा आणि अधिवास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वैद्यकीय प्रवेशात सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आणि ८५ टक्के राज्याकडे असतात. महाराष्ट्राच्या त्या ८५ टक्क्यांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि तेथील अधिवास, अशी अट आहे. बडोद्यात जन्मलेले व शिकलेले मूल घरात कितीही शुद्ध मराठी बोलत असले तरी त्या यादीत ते परराज्यातलेच ठरते. त्याचा हक्काचा कोटा गुजरातचा. हे अनेक घरांत निकालानंतर कळते, ते अकरावीत कळलेले बरे. परदेशी एम.बी.बी.एस.साठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम मुळातून वाचावेत : किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम, आणि शिवाय त्या देशातही व्यवसायाची नोंदणी मिळू शकेल अशी पदवी. एजंटाच्या माहितीपत्रकात हे सारे एकत्र क्वचितच छापलेले असते.

आता क्रमवारीविषयी. केंद्र सरकारची एन.आय.आर.एफ. ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. तिच्या सर्वसाधारण यादीत १०० पैकी ३० गुण अध्यापन व साधनसामग्रीला, ३० संशोधनाला, २० पदवीच्या फलिताला आणि दहा-दहा गुण सर्वसमावेशकता व लौकिक यांना असतात. पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याने संशोधनाचे ३० गुण जरूर पाहावेत. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्या मुलीच्या रोजच्या आयुष्यात त्यांचा वाटा किती, याचा ज्याने त्याने विचार करावा. मेसमध्ये रात्रीचे जेवण किती वाजता बंद होते, ताप आला तर रात्री दोन वाजता दार कोण उघडते, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, याला कोणत्याही क्रमवारीत गुण नाहीत. ते आपणच जाऊन पाहायचे असते. नॅकची श्रेणी पाहताना ती कोणत्या वर्षी मिळाली हेही पाहावे, आणि संस्थेचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नाही ना, याची खात्री करावी. एवढे झाले की मग पायपीट.

माझ्याकडे आठव्या वर्षापासून टाइप १ मधुमेहासाठी येणारी एक मुलगी होती. बारावीनंतर तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक संस्था नावाजलेली, तर दुसरी तिच्याहून बरीच खालच्या क्रमांकावरची. वडिलांचा कल अर्थातच पहिलीकडे होता. मी तिला दोन्ही वसतिगृहांत जाऊन चारच प्रश्न विचारायला सांगितले, आणि ते वडिलांनी नव्हे, तिने स्वतः विचारायचे : जेवणाच्या वेळा कोणत्या, वेळ चुकल्यास काय मिळते, इन्सुलिन ठेवायला फ्रिज कोठे आहे, आणि रात्री साखर उतरली तर कुणाला हाक मारायची. पहिल्या ठिकाणी रात्री साडेआठला मेस बंद होत असे, सकाळचा नाश्ता आठ वाजता. मध्ये काही नाही. फ्रिज ऑफिसात, आणि ऑफिसला रात्री कुलूप. दुसऱ्या ठिकाणच्या वॉर्डनबाईंनी फ्रिज दाखवला, चावी कोठे असते ते दाखवले आणि "तुझ्या खोलीतल्या मुलींना काय सांगू?" असे उलट विचारले. मुलीने दुसरे ठिकाण निवडले. वडील काही महिने खट्टू होते. माझ्या मते तिने विद्यापीठ फार उत्तम रीतीने निवडले.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर जाता जाता सांगते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश तापमानात ठेवायच्या. वापरात असलेली कुपी ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. पण आपल्याकडच्या मे महिन्यातील वसतिगृहाची खोली ३० अंशांखाली नसते. ओल्या मातीच्या मडक्यात ठेवलेली डबी हा साधा उपाय अजूनही उपयोगी पडतो. नीट-जेईईसारख्या परीक्षांत मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या व फळ जवळ बाळगण्याची मुभा आहे, हेही बऱ्याच घरांना ठाऊक नसते.

दम्याच्या मुलांच्या बाबतीत गावाची हवा हा निवडीचाच भाग मानावा. ज्या मुलाला दरवर्षी दोन-तीनदा स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्याला दिल्लीला पाठवण्यापूर्वी तेथील नोव्हेंबरच्या हवेचा विचार करायला हवा. जाऊच नये असे मी म्हणत नाही. पण जायचे तर रोजचा प्रतिबंधक इन्हेलर बंद पडता कामा नये. आराम वाटला की सर्वांत आधी तोच सुटतो. अपस्माराच्या मुलांत फिट येण्याचे एक मोठे कारण म्हणजे जागरण. सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहात कुणी झोपत नाही, म्हणून या मुलांनी वर्गशिक्षकांना आजार आधीच सांगून ठेवावा. आजार लपवून प्रवेश घेण्याचा सल्ला देणारे नातलग पुष्कळ असतात. त्यांचे ऐकू नये. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला काय करायचे हे ठाऊक नसेल, तर जवळ असूनही त्याची मदत होत नाही.

लसीकरणाबाबत मात्र निकालाची वाट पाहून चालत नाही. एच.पी.व्ही.ची लस पंधरा वर्षांनंतर सुरू केल्यास आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकानुसार तीन मात्रा लागतात आणि त्यांना सहा महिने जातात. जूनमध्ये सुरू केले तर शेवटची मात्रा परगावी घ्यावी लागते व बहुधा राहूनच जाते. कांजण्या न झालेल्या व लसही न घेतलेल्या मुलाला दोन मात्रा द्याव्यात. वसतिगृहात कांजण्या झपाट्याने पसरतात आणि मोठ्या वयात त्या फुफ्फुसांपर्यंत जाऊ शकतात. बाहेरच्या खाण्यापाण्यासाठी टायफॉइड व हिपॅटायटिस ए, आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची मात्रा तपासून घ्यावी. वैद्यकीय शाखेला जाणाऱ्यांसाठी एक विनंती विशेषतः आपल्या डॉक्टर मित्रांना : तान्हेपणी दिलेल्या हिपॅटायटिस बी लसीवर विसंबून आपल्या मुलांना वॉर्डात पाठवू नका. प्रतिपिंडांची पातळी मोजा. ती १० पेक्षा कमी निघाली तर एक मात्रा देऊन पुन्हा मोजा. दुसऱ्यांच्या मुलांना आपण हे सांगतो, स्वतःच्या घरी विसरतो.

अमेरिकेला जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तेथील अनेक विद्यापीठे गोवर, गालगुंड व रुबेला या तिन्हींच्या दोन मात्रांचा लेखी पुरावा मागतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. गुजरातमध्ये २०१८ साली शाळांतून झालेल्या मोहिमेत मिळालेली मात्राही तीच. त्यामुळे "लस झाली आहे" हे खरे असूनही कागद अपुरा पडतो. क्षयरोगाच्या चाचणीसाठी बी.सी.जी. घेतलेल्या मुलांनी शक्यतो रक्तातून होणारी चाचणी करावी, कारण त्वचेवरची चाचणी बी.सी.जी.मुळेही सकारात्मक येऊ शकते.

आता तयारीतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. गेली काही वर्षे मी एक पद्धत ठेवली आहे. मूल सोळा वर्षांचे झाले की तपासणीतील दहा मिनिटे पालकांना बाहेर बसवते. काही आयांना हा अपमान वाटतो. पण आत काय चालते? मी विचारते, "तुझे औषध कोणते? किती? कशाची ॲलर्जी?" आणि नव्वद टक्के गुण मिळवणारा मुलगा म्हणतो, "ते आईला माहीत." ज्याचे औषध आईला माहीत आहे, त्याची वसतिगृहाची तयारी अजून झालेली नाही. चादरी, बादली, इस्त्री या खरेदीला चार दिवस पुरतात. अपॉइंटमेंट स्वतः घेणे, आपला त्रास स्वतः सांगणे, औषध संपण्याआधी आणणे यांची सवय लागायला वर्ष जाते. शेवटच्या भेटीत मी फाइल पालकांच्या नव्हे, मुलाच्या हातात देते. सोबत एक पानाचा सारांश असतो : आजार, औषधे, ॲलर्जी, रक्तगट, लसींच्या तारखा, आणि त्या गावातील एका फिजिशियनचे नाव. हे शेवटचे नाव आपल्या मंडळातील डॉक्टरांनी परस्परांच्या ओळखीतून मिळवून द्यावे. आपले वर्गमित्र गावोगावी पसरलेले आहेत, त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

मनाच्या आरोग्याविषयी थोडक्यात पण स्पष्ट लिहिते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. तेव्हा प्रवेशाच्या वेळी समुपदेशक कोण व कोठे बसतात हे विचारणे हा आपला हक्क आहे, आणि त्या प्रश्नावर ऑफिसातील माणूस गोंधळला तर तेही उत्तरच समजावे. रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून लागू आहेत. १८००-१८०-५५२२ हा त्यांचा क्रमांक आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये जाण्यापूर्वीच साठवलेला असावा. घरी मात्र एक वाक्य उच्चारलेले असावे लागते : "नाही जमले तर परत ये, जागा आहे." फीचे पैसे बुडतील ही चिंता आपण मनातल्या मनात केली तरी मुलांना ती ऐकू येते.

पहिल्या दिवाळीला मूल घरी आले की नातेवाइकांकडे फराळाला नेण्याआधी एकदा दवाखान्यात आणावे. मी वजन घेते, रात्री किती वाजता झोपतोस हे विचारते, आणि खोलीतल्या मित्रांची नावे विचारते. नावे पटापट सांगितली की मी पुढचे प्रश्न बहुधा विचारतच नाही. एकही नाव आले नाही, तर मात्र त्या दिवशी बाहेरच्या बाकावरील इतर रुग्णांना थोडे थांबावे लागते.