शेल्टी भुंकते, ती का?

एक जोडपे आपली शेल्टी जातीची कुत्री घेऊन माझ्या दवाखान्यात आले. ‘‘डॉक्टर, दिवसभर भुंकते हो! लिफ्ट थांबली, मुले पळाली, की झाले सुरू. सोसायटीची नोटीस आली आहे. कुणाला तरी देऊन टाकावी म्हणतो.’’ आणि निघता निघता, ‘‘गोचिडांसाठी ते आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही द्या. गावी गुरांना तेच देतात.’’

पुष्कळांना शेल्टी म्हणजे सिनेमातल्या लॅसीची छोटी आवृत्ती वाटते. उंची जेमतेम 13 ते 16 इंच. पण तिचे मूळ आहे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर. बोचरा वारा, झाडे नावालाच, चारा बेताचा. तिथली मेंढी लहान, घोडा लहान, तसा कुत्राही लहान. शेतांना कुंपण नसे. मेंढ्या पिकाकडे वळल्या की त्याने धावत, भुंकत त्यांना माळावर पिटाळायचे. आपल्याकडे गोफण घेऊन माचावर बसणारा राखणदार पाखरांचे जे करतो, तेच हे काम! तेव्हा भुंकणे ही तिची खोड नव्हे, पिढीजात नोकरी आहे. (या जातीचे आधीचे नाव ‘शेटलंड कोली’. कोली पाळणाऱ्यांनी हरकत घेतली आणि 1914 मध्ये ‘शेटलंड शीपडॉग’ असे नामांतर झाले. माणसांची भांडणे, दुसरे काय!)

मी त्यांना म्हटले, ओरडू नका. आपणही भुंकतो आहोत असेच तिला वाटते. दोनदा भुंकू द्या, शांतपणे ‘बस’ म्हणा, गप्प झाली की लगेच खाऊ द्या. सकाळ-संध्याकाळ चांगले पळवा, लपवलेली वस्तू शोधायला लावा. रिकाम्या शेल्टीला लिफ्टसुद्धा मेंढीच वाटणार.

इंजेक्शनला मात्र मी साफ नकार दिला. कोलीच्या गोतावळ्यातील काही कुत्र्यांत, शेल्टीतही, एमडीआर-1 नावाच्या जनुकात दोष असतो. मेंदूत शिरू पाहणारी काही औषधे बाहेर ढकलणारे प्रथिन अशा कुत्र्यांत नीट काम करत नाही. मग आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या मात्रेने कुत्रा झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो. दोष बाहेरून दिसत नाही. जनुकीय तपासणीतच कळतो. म्हणून गुरांचे औषध अंदाजाने कधीही टोचू नये. गोचिडांसाठी मी दुसरे औषध दिले.

तीन महिन्यांनी ती लसीसाठी आली. बाहेर स्कूटर थांबली. ती दोनदा भुंकली आणि बाईंच्या खिशाकडे पाहत बसली.