मुलं गेली, शाळा राहिली

मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची एक शाळा आहे आणि ती मुंबईत माझगावला आहे, हे आपल्या मंडळातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. सर एली कदूरी शाळा हे तिचं आजचं नाव. ती निघाली १८७५ साली, म्हणजे तिला दीडशे वर्षं होऊन गेली.

इंदूरच्या मराठी मंडळाच्या अंकात माझगावची शाळा कुठून आली, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण साधं आहे. यंदा मंडळाच्या जुन्या सभासदांची आणि माजी प्राध्यापकांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अनुभव सगळ्यांना आहेच. पहिल्या आठवड्यात जुने फोटो, दुसऱ्या आठवड्यात शुभप्रभात, आणि मग दिवाळीपर्यंत सामसूम. म्हणून मी विचार केला, की ज्या संस्थेला आपल्यापेक्षा कितीतरी अवघड पेपर आला आहे तिच्याकडे बघावं. आपली जुनी मुलं फार तर पुण्याला किंवा बंगळूरला जातात. या शाळेची मुलं दुसऱ्या देशात गेली, तिथली भाषा बोलू लागली, कित्येकांची नावंही बदलली. तिथे जो धागा टिकतो, तो आपल्याकडे नक्की टिकेल.

आधी ही माणसं कोण, ते थोडक्यात. कोकणातल्या, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातल्या, ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरची भाषा मराठी. आडनावं गावावरून: पेणकर, रोहेकर, राजपूरकर, नवगावकर. पुढे फौजेत आणि सरकारी नोकरीत शिरून ते मुंबई-पुण्यात आले.

त्यांच्या शिक्षणाच्या गोष्टीत आपल्यासारख्या मिशनच्या संस्थांचाही भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या. तिथे बेने इस्राएल मुलं शिकली आणि त्यांच्यातले काही शिक्षकही झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज आहे तेच हे. त्यांनी बेने इस्राएलांसाठी हिब्रू भाषेचं व्याकरण चक्क मराठीत लिहिलं. त्या शाळांतून ही मंडळी हिब्रू शिकली, आपला धर्मग्रंथ मुळातून वाचू लागली, आणि राहिली ज्यूच. मग त्यांना वाटलं, आपल्या मुलांसाठी आपली शाळा हवी.

ती काढली हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी. अलिबागजवळच्या किहीम गावावरून हे आडनाव आलं. ‘इस्राएलाइट स्कूल’ हे शाळेचं पहिलं नाव. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू अशा तीन भाषा. समाज लहान आणि खिसा त्याहून लहान. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत वर्षानुवर्षं येत राहिली. पुढे १९३० च्या दशकात हाँगकाँग-शांघायचे उद्योगपती सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव मिळालं. म्हणजे दूरच्या माणसाला शाळेशी जोडून घेण्याचा प्रश्न इथे पहिल्यापासूनच होता. फरक इतकाच की तेव्हा दूर होते ते देणगीदार. मुलं आणि मास्तर चार गल्ल्यांच्या आतच होते.

नंतर सगळं उलटं झालं. १९५१ च्या जनगणनेत देशात साधारण २६ हजार ज्यू होते. आता ते पाच हजारांच्या आत आहेत. १९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला जाऊ लागली आणि दोन-तीन दशकांत बहुतेक गेली. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. भारतात त्यांचा छळ कधी झाला नाही, हे ते स्वतःच आवर्जून सांगतात. पण गेले. डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत जाऊन राहिले. माझगावचे बाक मात्र रिकामे राहिले नाहीत. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत. आसपासच्या वस्तीतली आहेत, आणि त्यांत मुसलमान घरांतली पुष्कळ.

आता खरा प्रश्न असा. ज्या समाजाने शाळा काढली तो समुद्रापलीकडे, आणि जी मुलं आज वर्गात बसतात त्यांच्या घरात त्या समाजाची आठवण नाही. अशा शाळेने आपले माजी विद्यार्थी आणि जुने शिक्षक कसे जोडून ठेवावेत? या विषयावर वाचता वाचता मला चार-पाच गोष्टी उमगल्या. त्या क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट, नाव. माणूस शोधायचा तर नावाने शोधणार. पण इथे नाव हेच सरकतं. एकच मुलगा शाळेत गावच्या आडनावाने असतो, नोकरीत वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावतो, आणि इस्राएलमध्ये हिब्रू वळणाचं तिसरंच नाव घेतो. मुलींचं तर लग्नानंतर नाव बदलतंच. म्हणून फेसबुकवर शोधून काही हाती लागत नाही. उपयोगी पडतं ते शाळेचं जनरल रजिस्टर. आपल्या मध्य प्रदेशात त्याला स्कॉलर रजिस्टर म्हणतात, एवढाच फरक. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, दाखल कधी झाला, शाळा कधी सोडली. एवढ्या पाच रकान्यांवरून सत्तर वर्षांनीही माणूस ओळखता येतो.

या समाजाला कागदाचं मोल वेगळ्या तऱ्हेनेही कळलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमधल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत शंका काढली. आईकडची, आजीकडची वंशावळ तपासायची म्हणाले. लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असं स्पष्ट केलं. अशा वेळी आजोबांचं नाव, आजीचं गाव लिहिलेला एखादा जुना कागद हाताशी असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. जुनी रजिस्टरं वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या आधी आपल्या हाती लागली पाहिजेत. मोबाईलने पानापानाचा फोटो काढायला दोन पोरं आणि दोन रविवार पुरतात.

दुसरी गोष्ट, आधी शिक्षक. संमेलन भरवणारे नेहमी विद्यार्थ्यांपासून सुरुवात करतात, कारण ते जास्त असतात आणि वर्गणी देतात. पण हिशेब करून बघा. १९५५ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याला शिकवणारे तर त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे. विद्यार्थ्याला आपल्या वर्गातले चाळीस जण आठवतात, शिक्षकाला तीस वर्षांचे वर्ग आठवतात. या शाळेत रिबेका रूबेन या १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या या बाई १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या होत्या. मुलगी पहिली येणं तेव्हा घडत नसे. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मुलांचं जाणं नुकतंच सुरू झालं होतं. १९५७ मध्ये त्या वारल्या. एका डोक्यात जवळजवळ दोन पिढ्यांची हजेरी असते, आणि ते डोकं एकदाच असतं.

तिसरी गोष्ट, भाषा. बेने इस्राएल गेले तेव्हा मराठी बरोबर घेऊन गेले. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं. नोआ मस्सील हे नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तिथे महाराष्ट्र दिन साजरा होतो. शाळेकडून जाणारं पत्र त्यांना मराठीत गेलं पाहिजे. इंग्रजी परिपत्रक वाचून माणूस ‘रिसीव्हड’ म्हणतो. ‘तुमच्या वर्गाला मराठी कोण शिकवायचं हो?’ असं मराठीत विचारलं, तर तो खुर्ची ओढून बसतो. नातवंडं हिब्रू बोलतात आणि मराठीत बोलायला कुणी उरत नाही, अशा घरी तर हे पत्र सणासारखं येईल.

भाषेबरोबर पंचांगही आलं. आपण सहज म्हणतो, शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन भेटू. पण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ; पाळणारा माणूस फोनला हात लावत नाही. रविवारी तिथे ऑफिसं चालू. घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे. म्हणून आपल्या रविवारी रात्री आठची वेळ बरी. तिथे तेव्हा साडेचार किंवा साडेपाच वाजलेले असतात. गोष्ट छोटी आहे. पण समोरच्याचा वार लक्षात ठेवणं म्हणजेच त्याला लक्षात ठेवणं.

चौथी गोष्ट, काय मागायचं. बहुतेक संस्था माजी विद्यार्थ्याकडे पैसे मागतात किंवा टाळ्या मागतात. दोन्ही एकदा मिळतं. जे फक्त त्याच्याकडेच आहे ते मागावं, म्हणजे तो पुन्हा पुन्हा येतो. या फोटोतली दुसऱ्या रांगेतली बाई कोण? प्रार्थना कुठली म्हणत? हिब्रूच्या तासाला वर्गातली इतर धर्मांची मुलं काय करत? मधल्या सुट्टीत काय खात? अशा प्रश्नांना उत्तर देताना माणसाला कळतं की आपली अजून गरज आहे. केहिमकरांचंच बघा. त्यांनी बेने इस्राएलांचा इतिहास लिहून १८९७ मध्ये पूर्ण केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. तोवर ते हयातही नव्हते. चाळीस वर्षं हस्तलिखित कुणीतरी सांभाळलं आणि कुणीतरी मागितलं, म्हणून आज आपण ही माहिती वाचतो. मागणारा भेटला नसता तर?

पाचवी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: हे सगळं कुणाच्या हाती द्यायचं? उत्तर आहे, आज वर्गात बसणाऱ्या मुलांच्या. कोलकात्यात पार्क स्ट्रीटला ज्यूइश गर्ल्स स्कूल आहे. १८८१ ची शाळा. तिथल्याही बहुतेक मुली आता मुसलमान आहेत, आणि शहरात ज्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोकांना याचं नवल वाटतं, बातम्या होतात. मला त्यात नवल वाटत नाही. शाळा रक्ताने चालत नाही, दाखल्याने चालते. ज्याचं नाव रजिस्टरात, तो त्या शाळेचा. डोंगरी-माझगावच्या सातवीतल्या मुलीने अश्दोदच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना विचारलं, ‘तुम्ही कुठल्या वर्गात बसायचा?’ आणि त्यांनी सांगितलं, ‘जिन्याजवळच्या’, तर तिला धर्माचा धडा देण्याची गरज नाही. ती दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ जाऊन उभी राहील. अशी पाच-पंचवीस संभाषणं झाली, की शाळेची आठवण सांभाळायला समाज गावात असलाच पाहिजे असं उरत नाही.

आता आपल्याकडे वळतो. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी आहे, राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत ती अजून ऐकू येते. पण घरोघरी काय चाललंय ते आपण जाणतो. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांना समजतं म्हणून कुणी काही म्हणत नाही. शिकलेली मुलं बाहेर जातात. मराठी विषय घेणारे कमी होतात. एक दिवस आपल्या मंडळाचे बहुतेक सभासद अमराठी घरांतले असतील. काही आत्ताच आहेत, आणि ते आपल्यापेक्षा उत्साहाने कविता वाचतात. ती वेळ आली की मंडळ संपलं म्हणायचं का? माझगाव आणि पार्क स्ट्रीट सांगतात, नाही म्हणायचं. मात्र जुन्यांकडचं नव्यांकडे पोहोचलं असेल तरच.

म्हणून यंदाच्या यादीचं काम मी असं लावलं आहे. पहिले तीन महिने फक्त निवृत्त प्राध्यापक. प्रत्येकाकडे दोन विद्यार्थी जातील, त्यांतला एक तरी हिंदीभाषक घरातला. बरोबर न्यायचे जुने अंक आणि जुने फोटो, आणि विचारायचे नेमके प्रश्न. उत्तर बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, रेकॉर्ड करून नंतर लिहून काढायचं. नावाच्या पुढे लग्नाआधीचं नाव, वर्ष आणि मूळ गाव हे रकाने ठेवायचे. ज्यांना यायचंय त्यांनी मराठी विभागाच्या फलकावर नाव लिहावं. सर-मॅडमची पहिली पाच नावं आत्ताच नक्की केली आहेत. त्यांतले दोघं नव्वदीच्या घरात आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून आणि याच आठवड्यात.