बाळंतिणीची डोकेदुखी आणि मेंदूचा निचरा



पाटाचे पाणी वेळेवर मिळूनही ऊस पिवळा पडू लागला की आपण आधी निचऱ्याची चारी बघतो. चारी गाळाने बुजली असेल तर पाणी तुंबते, जमीन चिबड होते आणि चांगले बेणे लावूनही पीक हातचे जाते. मेंदूचेही तसेच आहे. रोहिण्या हे मेंदूचे पाट, त्या रक्त आणतात. नीला या निचऱ्याच्या चाऱ्या, त्या रक्त परत नेतात. बाळंतपणानंतर काही स्त्रियांच्या मेंदूतील ही चारी रक्ताच्या गुठळीने बुजते. हे दुखणे क्वचितच होते, पण झाले आणि ओळखले गेले नाही तर जिवावर बेतते.

असे का होते? बाळंतपणात रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गतःच स्त्रीचे रक्त लवकर गोठू लागते. हा गुण पुढे निदान सहा आठवडे टिकतो. त्यात अंगात रक्त कमी असले, ताप असला किंवा पाणी कमी पडले की धोका वाढतो. आपल्याकडे जुनी मंडळी सांगतात, “बाळंतिणीले पानी नोको देऊ, पोट सुटते.” यात तथ्य नाही. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर जरूर द्या, पण पाणी तोडू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर पाणी जास्तच लागते.

आपल्या देशात हे दुखणे नवे नाही. १९८३ साली डॉ. के. श्रीनिवासन यांनी गरोदरपणात व बाळंतपणानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळी झालेल्या १३५ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यापाड्यांत मात्र झटके आले की ‘बाळंतवात’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे होत, आणि त्यात मोलाचे दिवस जात.

लक्षणे ध्यानात ठेवा. रोज वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, झटके, एक हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, गुंगी. पाठीत इंजेक्शन देऊन सिझर झाले असेल तर बसल्यावर डोके दुखते आणि आडवे झाल्यावर बहुधा थांबते. पडूनही थांबत नसेल तर घरी बसू नये. रक्तदाब वाढूनही बाळंतिणीला झटके येतात, म्हणून तोही लगेच मोजून घ्यावा.

आता तपासणीविषयी. साधा सी.टी. स्कॅन कधी कधी ठीकठाक दिसतो. चारी बुजली आहे की वाहते आहे, हे पाहण्यासाठी नीलांचे वेगळे चित्र काढावे लागते. त्याला व्हेनोग्राफी म्हणतात. ती शिरेतून रंगद्रव्य देऊन सी.टी.वर होते किंवा एम.आर.आय.वर होते. एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. गुठळी दिसली तर रक्त गोठू न देणारे हेपरिन देतात. निचरा तुंबल्यामुळेच मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असेल, तरीही ते देता येते. १९९१ साली जर्मनीतील अभ्यासाने त्याचा उपयोग दाखवला, तर १९९५ साली बंगलोरच्या निम्हान्समध्ये खास बाळंतिणींवर असाच अभ्यास झाला. हेपरिन अंगावरच्या दुधात उतरत नाही.

दुसरे दुखणे पाटाचे, म्हणजे रोहिण्यांचे. बाळंतपणानंतर त्या जागोजागी आवळतात आणि वीज पडावी तशी एकाएकी भयंकर डोकेदुखी होते. चित्रात रोहिणी मण्यांच्या माळेसारखी दिसते. १९८८ साली कॉल व फ्लेमिंग यांनी याचे वर्णन केले. पहिल्या आठवड्यात चित्र निर्दोषही येऊ शकते, म्हणून ते पुन्हा काढावे लागते. बहुतेक बायकांच्या रोहिण्या तीन महिन्यांत पूर्ववत होतात. पण याला हेपरिन हा उपाय नव्हे. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, म्हणून अंदाजाने गोळ्या घेण्यापेक्षा चित्र काढणे महत्त्वाचे.

नागपुरात १९४७ पासूनचे मेडिकल आहे, मेयो आहे, आता एम्सही आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याकडचे रुग्ण इथेच येतात. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हेच सांगा, “बाई बाळंतीण आहे, अमुक तारखेला बाळंत झाली.” एवढ्या सांगण्याने डॉक्टरांच्या तपासाची दिशा बदलते. एकदा गुठळी झालेल्या बाईने पुढे पाळणा लांबवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

शेवटी एक विनंती. आपल्या उसाच्या फडात तोडणीला येणाऱ्या टोळीतही ओल्या बाळंतिणी असतात. कोपीत पिण्याचे पाणी आहे ना, कोणाचे डोके दुखते आहे का, हे मुकादमाला विचारा. ऊस एक दिवस उशिरा तुटला तरी चालेल, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला मात्र उशीर नको.