बोलीआधीचा पत्ता

नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये 'सदबीज'च्या लिलावात निघणार, ही बातमी महाराष्ट्रात पसरली तेव्हा हातात फारसा वेळ उरला नव्हता. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावली. हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये मोजले आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत आली. लिलाव होईपर्यंतच्या त्या थोड्या वेळात एरवी इतिहासाकडे न फिरकणारेही विचारत होते : कितीला जाईल? कोण घेईल?

ही उत्कंठा नाणेसंग्राहकांच्या अंगवळणी पडलेली आहे. एखाद्या नावाजलेल्या जुन्या संग्राहकाचा संग्रह बाजारात येणार अशी कुजबुज सुरू झाली की मुंबई-पुण्यापासून अहमदाबाद-बंगळुरूपर्यंत फोन वाजू लागतात. कारण बहुधा घरगुतीच असते. संग्राहक जातो, मुलांना त्यात रस नसतो, आणि नाण्यांच्या वाटणीपेक्षा पैशाची वाटणी सोपी असते. मग कॅटलॉग छापला जातो : लॉट क्रमांक, धातू, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, दर्जा, अंदाजे किंमत. लिलावाआधी नाणी पाहायला ठेवतात तेव्हा भिंग आणि वजनकाटा घेऊन आलेली मंडळी चेहऱ्यावर काही दिसू न देता आपापले लॉट हेरून ठेवतात. मालकाने आतून एक राखीव किंमत सांगितलेली असते आणि बोली तिथवर चढली नाही तर नाणे घरी परत जाते. हातोडा पडला की त्या रकमेवर लिलावगृहाचे कमिशन आणि कर चढतो.

या सगळ्या व्यवस्थित मांडणीत एक रकाना मात्र बहुतेकदा कोराच राहतो : हे नाणे कुठल्या शेतातून, कुठल्या भिंतीतून, कुठल्या घरातून आले? रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या महाड-पोलादपूरच्या मुलखाला सगळ्यांत जास्त काही सांगू शकेल तो हाच रकाना.

नाण्यावर काय नाही

६ जून १६७४ रोजी महाड तालुक्यातल्याच रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. राजशक सुरू झाला आणि स्वतःच्या नावाची नाणी पाडण्याचा अधिकार बजावला गेला. तांब्याच्या शिवराईवर आणि सोन्याच्या होनावर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरे आहेत, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. समकालीन मुघल रुपयावर फारसी मजकूर असे आणि त्यात बादशहाचे नाव, टांकसाळीचे गाव, हिजरी सन, राज्यारोहणाचे वर्ष असे सगळे येई. त्यामुळे सुरतेचा रुपया सुरतेचा म्हणून ओळखता येतो. शिवराईवर ना टांकसाळ आहे, ना वर्ष.

गुंता इथूनच सुरू होतो. महाराजांच्या नावाची शिवराई त्यांच्यानंतर थांबली नाही. शंभूराजे आणि शाहू महाराज यांच्या नावांची नाणी निघाली, तरी 'श्री राजा शिव' हीच अक्षरे पेशवाईतही पडत राहिली आणि इंग्रजी अंमल आल्यावरही ते पैसे बाजारात चालत राहिले. कारागीर बदलले तशी अक्षरे बदलली. कुठे 'शिव' तर कुठे 'सिव', कुठे ऱ्हस्व 'पति' तर कुठे दीर्घ 'पती'. केन विगिन्स आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेतर्फे मराठा टांकसाळी आणि नाण्यांवर ग्रंथ काढला. या विषयाचा तो आजही आधारग्रंथ मानला जातो. पण दोन शिवराया शेजारी ठेवल्या तर एक राज्याभिषेकानंतरची आणि दुसरी तिच्याहून शंभर वर्षांनी धाकटी असू शकते, आणि नुसत्या डोळ्यांना हे ठरवणे कठीण जाते. अक्षरांच्या वळणाला सापडल्या जागेची साक्ष जोडली तरच काळाचा अंदाज बांधता येतो. रायगडाच्या उत्खननात एखाद्या वाड्याच्या जोत्याखालच्या, इतर कशानेही न ढवळलेल्या थरात सापडलेली झिजकी शिवराई म्हणूनच बाजारातल्या लखलखीत शिवराईहून अभ्यासकाला अधिक मोलाची.

होनाची गोष्ट आणखी अवघड. जेमतेम पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचे हे नाणे आज अत्यंत दुर्मीळ आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिली. तिच्यात महाराजांच्या खजिन्याची मोजदाद आहे. पुतळ्या, पातशाही, इभ्रामी, सतलामी, कावेरीपाकी, अच्युतराई, देवराई, धारवाडी अशा होनांच्या लांबलचक यादीत शिवराई होनही येतो. रायगडावर पडलेले होन विजयनगरच्या आणि आदिलशाहीच्या परंपरेतल्या सोन्याशेजारीच ठेवले जात होते, एवढे त्यातून कळते. त्यातले बरेच पुढे वितळले गेले असणार. सोन्याचे नाणे हे अडीअडचणीला आटवायचेच सोने.

महाडमार्गे पैसा

सावित्रीच्या काठचे महाड हे समुद्र आणि घाटमाथा यांच्यामधले फार जुने बंदर. गांधारपाल्याची सुमारे तीस बौद्ध लेणी आणि त्यांतले शिलालेख सांगतात की सातवाहनांच्या काळातही इथे दान देण्याइतका पैसा फिरत होता. बाणकोटच्या खाडीतून माल वर येई. मग एक वाट वरंध घाटाने भोरकडे, दुसरी पोलादपूरवरून पार घाटाने प्रतापगडाच्या पायथ्याशी आणि पुढे वाईकडे जाई. जिथे मालाची अशी ये-जा होती, तिथे सराफही होते आणि नाना देशांची नाणीही.

राज्याभिषेकासाठी आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडेन पाचाडला पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडाच्या भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून त्याला पायथ्याशी थांबावे लागले. कंपनीच्या मागण्यांत एक कलम असे होते की मुंबईची इंग्रजी नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांचे उत्तर एखाद्या मुरलेल्या सराफाला शोभणारे होते. नाण्याचा कस आणि वजन इतर राजांच्या नाण्याइतके भरले तर लोक ते घेतील आणि त्यांना कोणी अडवणार नाही. पण तोट्यात जाऊन नाणे घ्या, अशी जबरदस्ती मी रयतेवर करणार नाही. नाण्याची किंमत शिक्क्यापेक्षा विश्वासावर ठरते, हे रायगडावर तेव्हाही पक्के ठाऊक होते.

त्यानंतरच्या दीडशे वर्षांत या मुलखातल्या पैशाची तीन वेळा तरी उलथापालथ झाली. १६८९ मध्ये मुघल सरदार झुल्फिकारखानाने रायगड घेतला. १७९६ मध्ये नाना फडणवीस पुण्यातल्या राजकारणातून निसटून महाडला येऊन राहिले आणि निजामाशी झालेला महाडचा तह इथूनच घडवून आणला गेला. त्या कारस्थानात किती रकमा या घाटवाटांनी गेल्या असतील याची कल्पनाच करावी. आणि मे १८१८ मध्ये कर्नल प्रोथरच्या तोफांपुढे रायगड पडला तेव्हा गडावर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची पत्नी वाराणसीबाई होती. किल्ल्यात पाच लाख रुपयांची रोकड मिळाल्याची नोंद इंग्रजी कागदांत आहे. त्या पाच लाखांत कोणकोणती नाणी होती, हे कोणी लिहून ठेवले नाही. लूट मोजली गेली ती रुपयांत.

एक पंचमांशाचा हिशेब

आजही या तालुक्यांत पावसाने बांध ढासळला किंवा जुन्या घराचा पाया उकरला की क्वचित नाणी हाती लागतात. त्या क्षणी लागू होतो तो १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या कोणत्याही ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. चौकशीत मूळ मालक निघाला नाही, तर नियमानुसार तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. पण सरकारला ठेवा हवा असेल तर जिल्हाधिकारी तो घेऊ शकतात, आणि त्यासाठी द्यायची रक्कम म्हणजे धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश.

हा हिशेब मांडून पाहावा. बारा ग्रॅमच्या तांब्याच्या शिवराईला या नियमाने मोडीच्या भावापेक्षा पाचवा हिस्सा जास्त, म्हणजे दहा-पंधरा रुपये. होनाला पावणेतीन ग्रॅम सोने आणि वर वीस टक्के. तोच होन खात्रीच्या लिलावात सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट जातो. मग शेतकरी काय करेल? प्रामाणिकपणे तहसील गाठणाऱ्याला कायद्याने मिळते मोडीची किंमत. गप्प बसून सोनाराकडे किंवा दलालाकडे जाणाऱ्याला त्याहून जास्त. कायदा हेतूने चांगला असूनही लपवाछपवीच फायद्याची ठरते. दलालाच्या हातात नाणे गेले की पहिली गोष्ट पुसली जाते ती गावाचे नाव, कारण तेच दोघांनाही गोत्यात आणू शकते. पुढे दोन-तीन हात बदलून ते कॅटलॉगमध्ये येते तेव्हा पत्त्याचा रकाना कोरा असतो तो यामुळे.

इंग्लंडने याच अडचणीवर वेगळा उपाय काढला. १९९६ च्या कायद्यानुसार तिथे ठेव्याला बाजारभावाने मोबदला मिळतो आणि पुढच्याच वर्षापासून शेतात सापडलेल्या साध्या वस्तूंचीही जागेसह नोंद ठेवणारी योजना सुरू झाली. आज तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू आहेत. लोक वस्तू दाखवायला येतात, कारण दाखवण्यात तोटा नाही.

एकत्र आणि सुटे

ठेवा एकत्र राहण्याचे मोल कळावे म्हणून नाशिक जिल्ह्यातले जोगळटेंभी आठवावे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा घडा सापडला. रेव्हरंड स्कॉट यांनी तो एकत्र तपासून प्रसिद्ध केला. ही नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पराभव केवढा निर्णायक होता, हे त्या प्रमाणातून दिसते. घडा फुटून नाणी गावोगावी विकली गेली असती, तर संग्राहकांच्या हाती ठसे राहिले असते, पण प्रमाण हरवले असते.

लिलावाने नेहमी नुकसानच होते असे नाही. ल्यूकस व्हाइट किंग या ब्रिटिश अधिकाऱ्याचा पौर्वात्य नाण्यांचा संग्रह १९०४ पासून ॲमस्टरडॅममध्ये विकला गेला. संग्रह पांगला, पण त्याचा छापील कॅटलॉग अभ्यासकांच्या कपाटात आजही आहे. नीट केलेला कॅटलॉग म्हणजे त्या संग्रहाची शेवटची हजेरी. उलट टोकाचे उदाहरण जिनिव्हाचे. जहांगिराने आग्र्यात पाडलेली, जवळपास बारा किलो वजनाची एक हजार मोहरांची एक मोहर नोव्हेंबर १९८७ मध्ये तिथे लिलावाला निघाली. जगभर गवगवा झाला, बोली राखीव किमतीपर्यंत पोहोचली नाही आणि ते नाणे पुन्हा नजरेआड गेले. नुसत्या उत्कंठेने काहीही जतन होत नाही.

नकली नाण्यांचा हंगाम

लिलावाच्या बातम्यांनी आणखी एक पीक येते ते नकलांचे आणि अफवांचे. राम दरबाराचे 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८'चे नाणे, रामटंक्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या देवळी मुद्रा, पितळेचे सोनेरी 'होन' हा सगळा यात्रा-जत्रांतला माल. राम दरबाराचे असे नाणे कंपनीने कधीच पाडले नव्हते. 'दोन रुपयांचे जुने नाणे द्या, लाखो घ्या' असे मेसेज इतके वाढले, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले : आपल्या नावाने चाललेल्या अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही. १९९९ मध्ये निघालेले शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे घरोघरी आहे. ते जपून ठेवावे, पण त्याच्या जोरावर मुलीचे लग्न ठरवू नये.

खरे नाणे हाती आले तर पहिला मोह चिंच किंवा लिंबू घासून चमकवण्याचा. तांब्यावर शतकांनी चढलेला हिरवा-तपकिरी थर गेला की अक्षरांच्या कडा जातात, आणि किंमतही.

मग करावे काय?

११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात रायगड आहे आणि पोलादपूरच्या शेजारचा प्रतापगडही. पर्यटक वाढतील, आणि त्यांच्यामागून दलालही. जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेतल्या घरांत चिखल शिरला तेव्हा जुनी कागदपत्रे आणि पेट्यांतल्या वस्तू कशा एका रात्रीत जातात, हेही गावाने पाहिले आहे.

नोंद ठेवायला खर्च फारसा नाही. तहसील कार्यालयात आणि शाळांत एक साधी वही पुरेल : नाण्याचा फोटो, वजन, व्यास, गाव, गट क्रमांक, किती खोलीवर, सोबत काय सापडले. घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या शिवराईचीही नोंद करावी, मालकी मालकाकडेच ठेवून. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर विकता येत नाही, हेही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. लिलावगृहांनी 'अमक्या संग्रहातून' एवढ्यावर न थांबता मूळ गाव माहीत असेल तिथे ते छापावे. आणि सरकारने १८७८ चा एक पंचमांशाचा दर बदलून बाजारभावाच्या जवळ आणावा, म्हणजे खरे बोलणारा शेतकरी तोट्यात जाणार नाही. रयतेने तोट्यात नाणे घेऊ नये, हे १६७४ मध्ये इंग्रजांना सुनावले गेले होते. रयतेने तोट्यात नाणे द्यावे, असा आजचा कायदा आहे. तो बदलेपर्यंत रायगडाखालच्या शिवराया पत्त्याविनाच कॅटलॉगमध्ये जात राहतील.