प्रकाशतरंगांचे व्यतिकरण आणि डोळ्यांना जाणवणारी तेजस्विता

प्रस्तावना :

एका दिव्याशेजारी तसाच दुसरा दिवा लावला की खोलीत पोहोचणारा प्रकाश दुप्पट होतो. याउलट एकाच उद्गमापासून निघालेल्या प्रकाशाचे दोन भाग करून ते पडद्यावर पुन्हा एकत्र आणले, तर काही ठिकाणी प्रकाश चौपट होतो आणि काही ठिकाणी चक्क काळोख पडतो. प्रकाशात प्रकाश मिळविल्यावर काळोख कसा निर्माण होतो? आणि तो होत असेल, तर घरातील दोन दिवे एकमेकांना कधीच का विझवीत नाहीत? काळ्या पट्ट्यांत ऊर्जा नष्ट होते, हा गैरसमज विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांतही आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचे मूळ प्रकाशात शोधावे की डोळ्यांत, याचे विवेचन केले आहे.

बेरीज कशाची?

व्यतिकरणाचे तत्त्व थॉमस यंग या इंग्लिश वैद्य व शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १८०१ ते १८०३ या काळात वाचलेल्या व्याख्यानांतून मांडले. खिडकीच्या झडपेवरील बारीक छिद्रातून आलेल्या सूर्यकिरणांत त्याने सुमारे एक तीसांश इंच रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी धरली. तिच्या छायेत पट्टे दिसले. पट्टीच्या एका बाजूने येणारा प्रकाश अडविताच, दुसऱ्या बाजूचा प्रकाश तसाच असूनही, ते पट्टे नाहीसे झाले. म्हणजे पट्टे निर्माण होण्यास दोन्ही बाजूंचा प्रकाश आवश्यक होता.

तरंग एकत्र येतात तेव्हा बेरीज होते ती तीव्रतांची नव्हे, तर आयामांची. आणि तीव्रता ही आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रत्येकी १ आयामाचे दोन तरंग समान कलेत भेटले तर आयाम २ व तीव्रता ४ होते. विरुद्ध कलेत भेटले तर दोन्ही शून्य. संपूर्ण पडद्यावरील सरासरी मात्र २ च राहते. काळ्या पट्ट्यात जी ऊर्जा पोहोचत नाही, ती शेजारच्या तेजस्वी पट्ट्यात गेलेली असते. ऊर्जेचा नाश होत नाही, केवळ तिची वाटणी बदलते.

या वर्गाच्या नियमाचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. मुख्य किरणपुंजाच्या तुलनेत केवळ १ टक्का तीव्रतेचा दुसरा पुंज त्यात मिसळला, तर त्याचा आयाम मुख्य पुंजाच्या एक दशांश असतो. त्यामुळे तीव्रता १.२१ आणि ०.८१ यांच्या दरम्यान बदलते. एक टक्का प्रकाशामुळे चाळीस टक्क्यांचा फरक पडतो, आणि तो डोळ्यांना सहज दिसतो.

दोन दिव्यांचे काय?

पट्टे स्थिर राहण्यासाठी दोन तरंगांमधील कलांतर कायम राहावे लागते. अशा उद्गमांना सुसंगत उद्गम म्हणतात. सोडियमच्या दिव्यात प्रत्येक अणू स्वतंत्रपणे प्रकाश देतो व एका उत्सर्जनाचा काळ सेकंदाच्या सुमारे सहा कोटीव्या भागाइतका असतो. साहजिकच दोन वेगळ्या दिव्यांतील कलांतर सेकंदात कोट्यवधी वेळा बदलते. क्षणोक्षणी पट्टे पडतात, पण लगेच जागा बदलतात. डोळा मंद प्रकाशात सेकंदाच्या सुमारे एक दशांश भागापर्यंतचा प्रकाश एकत्र करून पाहतो. त्याला दिसते ती फक्त सरासरी, म्हणजे २. न्यूटनची कडी किंवा द्विप्रिझम या नेहमीच्या प्रयोगांत एकाच दिव्याचा प्रकाश विभागून घेतात, त्याचे कारण हेच.

डोळ्याची मोजणी :

तीव्रता आणि जाणवणारी तेजस्विता या एक नव्हेत. अंधाऱ्या पार्श्वभूमीवरील लहान प्रकाशित क्षेत्राची तेजस्विता साधारणपणे तीव्रतेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, असे एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून दिसून आले. या नियमाने पाहिल्यास, व्यतिकरण नसताना दिसणाऱ्या २ तीव्रतेच्या तुलनेत ४ तीव्रतेचा पट्टा दुप्पट नव्हे, तर जेमतेम सव्वापट उजळ वाटतो. काळा पट्टा मात्र पूर्ण काळाच दिसतो. लाभ लहान वाटतो आणि हानी पूर्ण दिसते; 'प्रकाश नष्ट झाला' ही समजूत दृढ होण्यास डोळ्याचा हा स्वभाव बराच कारणीभूत असावा. प्रकाशमापकाने पट्ट्यांची मोजणी केल्यास वजाबाकी व बेरीज तंतोतंत जुळते. विद्यार्थ्यांकडून ही मोजणी एकदा तरी करून घेणे हे फलकावरील सिद्धतेइतकेच आवश्यक आहे.

व्यवहारातील पुरावा :

ऊर्जेच्या या स्थानांतराचा उपयोग कॅमेऱ्याच्या भिंगांत होतो. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दहा पृष्ठभाग असलेल्या भिंगसंचातून त्यामुळे जवळपास एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला याने भिंगावर अतिशय पातळ थर देण्याची पद्धत शोधली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिल्यास त्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतणारे तरंग विरुद्ध कलेत येतात व परावर्तन सव्वा टक्क्यावर उतरते. जे परतत नाही ते काचेतून पार जाते. दहा पृष्ठभागांतून आता सुमारे ८८ टक्के प्रकाश पोहोचतो. थराची ही जाडी ५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशासाठी ठरविलेली असते, कारण उजेडात डोळा याच भागाला सर्वाधिक संवेदनशील असतो. वर्णपटाच्या दोन्ही टोकांचा तांबडा व जांभळा प्रकाश मात्र थोडा अधिक परततो. अशी भिंगे तिरकी धरून पाहिल्यास त्यांवर जांभळट झाक दिसते, ती यामुळेच.